साठपेक्षा कमी डाळ

“मॅडम, आज आईनं डाळ पन्नासच खाल्ली बगा. गोळी द्यायची का न्हाई?”

ओपीडी नुकती सुरू झाली होती. मला वाटलं, राँग नंबर लागला.

“कोण बोलतंय?”

“बालाजी. भोकरच्या अलीकडच्या वाडीवरून. गंगाबाईचा पोरगा. आई तुमच्याकडं ॲडमिट होती की, हार्टचं.”

गंगाबाई मला आठवल्या. काटक बाई, वय सत्तरीच्या आसपास. छातीत धडधड होते म्हणून आल्या होत्या आणि आठवडाभर राहून घरी गेल्या होत्या.

मी नांदेडच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. औषधाच्या दुकानात काउंटरमागे असतो तो फार्मासिस्ट वेगळा. माझं काम वॉर्डात आणि ओपीडीत. डॉक्टरांनी लिहिलेली औषधं एकमेकांना मारक नाहीत ना, डोस बरोबर आहे ना, आणि पेशंट घरी गेल्यावर ती नीट घेतो ना, हे बघायचं. पूर्वी घरी गेलेल्या पेशंटला मी स्वतः फोन करायचे. मग हॉस्पिटलनं एक सॉफ्टवेअर घेतलं. रोज सकाळी पेशंटच्या घरी आपोआप फोन जातो आणि रेकॉर्ड केलेला आवाज मराठीत सूचना देतो. माझा नंबर फक्त शंका विचारण्यासाठी उरला.

“डाळ पन्नास म्हणजे काय?” मी विचारलं.

“पन्नास ग्रॅम. साठ खायला पायजे ना. मी दुकानातल्या काट्यावर वाटी मोजून आणली. काठोकाठ भरली की साठ. आज तिनं वाटी खाली ठेवली अर्धवट.”

“पण डाळीचं आणि गोळीचं काय?”

मग तो थोडा चिडून म्हणाला, “आता तुमीच असं विचारल्यावर? रोज तुमच्याच फोनवर सांगून राहिलेत ना. डाळ मोजा, साठपेक्षा कमी असली तर गोळी देऊ नका.”

मी खुर्चीत सरळ झाले.

मी मूळची लातूरची. आमच्या शाळेच्या रस्त्यावर दालमिल होत्या. मिलच्या पाट्यांवर मालकाचं आडनाव आणि पुढं ‘पल्सेस’. ए फॉर ॲपलनंतर मी जे इंग्रजी शब्द स्वतः वाचायला शिकले त्यातला तो एक. पल्सेस म्हणजे डाळी, कडधान्यं. पुढं बी. फार्मला गेल्यावर दुसरा पल्स भेटला. तो म्हणजे नाडी. मनगटावर बोटं ठेवून मोजतो ती.

गंगाबाईंच्या सूचनेतला पल्स हा दुसरा होता. मशीननं पहिला सांगितला होता.

“बालाजी, आजची गोळी देऊ नका,” मी म्हणाले. “आई कशी आहे?”

“तसं म्हणलं तर बरी न्हाई. खाल्लं की उलटी होती. नुसती पडून हाय. आन एक लई इचित्र म्हणून राहिली.”

“काय?”

“सगळं पिवळं दिसतंय म्हणती. भितं पिवळी, भाकर पिवळी. आमी म्हणलं डाळ लई झाली पोटात.”

त्यांना दिलेल्या गोळीचं नाव डिगॉक्सिन. ठोके वेगात आणि वेडेवाकडे पडत असतील तर ती त्यांना आवर घालते. जुनी, चांगली गोळी आहे. पण तिची एक खोड आहे. उपयोगाचा डोस आणि विषारी डोस यांच्यात अंतर फार थोडं असतं. म्हाताऱ्या माणसाची किडनी हळू चालते, औषध अंगात साठत जातं. मग ठोके नको तितके मंदावतात, मळमळतं, जेवण जात नाही. आणि काही जणांना खरोखर सगळं पिवळं दिसायला लागतं. पुस्तकात हे मी वाचलं होतं. कोणाच्या तोंडून ऐकत होते ते पहिल्यांदा.

म्हणूनच नियम असतो: गोळी देण्याआधी नाडी मोजा. मिनिटाला साठपेक्षा कमी भरली तर गोळी देऊ नका, आम्हाला कळवा.

“डिस्चार्जच्या वेळी सिस्टरनी नाडी बघायला शिकवलं नव्हतं का?”

“ते माझ्या बहिणीला शिकवलं. ती तवा आईजवळ होती. ती गेली इस्लापूरला, सासरी.”

“बरं. आता मी सांगते तसं करा. फोन स्पीकरवर टाका आणि आईचा उजवा हात हातात घ्या. तळवा वर. अंगठ्याच्या खाली, मनगटावर तीन बोटं ठेवा. तुमचा अंगठा लावू नका, अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात.”

खुडबुड ऐकू आली. बाईंचा आवाज आला, “काय करून राहिलास रं?” बालाजी म्हणाला, “गप पड जरा.”

“लागत न्हाई मॅडम.”

“जोर लावू नका. हलकं धरा. बोटं थोडी बाहेरच्या बाजूला न्या.”

“हां. हाय. लागलं.”

“मोठ्यानं मोजा. मी थांबा म्हणेपर्यंत मोजत राहा.”

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाले, सुरू. तो मोजू लागला. एक. दोन. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कट झाला. तीन. ओपीडीत माझ्यासमोर एक बाई औषधाची चिठ्ठी घेऊन उभी होती, तिला मी हातानंच बसा म्हणून खुणावलं. मिनिट संपलं तेव्हा तो अडतीसवर होता.

“किती पायजे असतेत?” त्यानं विचारलं.

“साठच्या वर.”

साठ कशाचे होते, ते त्याच्या ध्यानात आलं असावं.

मी त्याला १०८ ला फोन लावायला सांगितलं, आणि आमचे हृदयरोगतज्ज्ञ कुलकर्णी सर यांच्या केबिनमध्ये गेले. सर पेशंट तपासत होते. मी दारातूनच सांगितलं. सरांनी स्टेथोस्कोप गळ्यात टाकला, भोकरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला आणि पेशंट येतोय, ईसीजी काढा, ठोके वाढवायचं इंजेक्शन तयार ठेवा, स्थिर झाली की इकडं पाठवा, असं दोन मिनिटांत सांगून टाकलं. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, “पण सूचना तर मी स्वतः तपासली होती.”

“इंग्रजी तपासलं होतं सर.”

“मग?”

बालाजीला जाणारा तो रेकॉर्ड केलेला मेसेज मी कॉम्प्युटरवर शोधला आणि स्पीकरवर लावला. गोड, स्वच्छ बाईचा आवाज. “नमस्कार. गोळी देण्यापूर्वी रुग्णाची डाळ मोजा. डाळ साठपेक्षा कमी असल्यास गोळी देऊ नका. डाळ अनियमित वाटल्यास हॉस्पिटलशी संपर्क साधा. धन्यवाद.”

सरांनी तो परत लावायला सांगितला. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर म्हणाले, “यापेक्षा काहीच पाठवलं नसतं तर बरं झालं असतं.”

गंगाबाई दुपारी आमच्या आयसीयूत पोचल्या. डिगॉक्सिन बंद केलं. रक्तातलं पोटॅशियम बघून सलाइन ठरवलं. बाकी काम वाट बघण्याचं होतं. औषध अंगातून आपल्या गतीनं बाहेर पडतं, त्याला घाई करता येत नाही. मॉनिटरवरचा आकडा चाळीसच्या खालीवर होत राहिला आणि बालाजी काचेतून त्या आकड्याकडं बघत उभा राहिला.

जबाब घ्यावा तसं मी त्याला सगळं विचारून घेतलं. ज्या दिवशी आई वाटीभर डाळ खायची, त्या दिवशी गोळी दिली जायची. नाही खाल्ली तर नाही. त्याची बायको मीरा सासूला समजावून, दटावून डाळ खाऊ घालायची, कारण गोळी चुकायला नको. आधी औषधामुळं जेवण जात नव्हतं. जेवण जावं म्हणून हे बिचारे आग्रह करत होते. आणि जेवण गेलं की औषध परत. ज्या दिवशी उलटीमुळं डाळ घशाखाली उतरली नाही, त्या दिवशीची गोळी चुकली. कुलकर्णी सरांच्या मते त्या चुकलेल्या गोळ्यांमुळंच बाई आमच्यापर्यंत जिवंत पोचल्या.

आता प्रश्न बाकीच्यांचा होता. या गोळीवरचे पेशंट आमच्याकडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मी एकेकाला फोन लावायला घेतले. आधी अॅडमिनिस्ट्रेटर राठोड सरांना सांगून तो मेसेज बंद करून घेतला.

बहुतेक जण ठणठणीत निघाले. कारण विचारलं तर सगळ्यांचं जवळपास एकच. “ते रेकॉर्डवालं ना? ते आमी उचलतच न्हाई.” एका काकांना ते कर्जाच्या जाहिरातीचे फोन वाटत होते. कंधारकडच्या एका सूनबाईनं मेसेज पूर्ण ऐकला होता, पण तिला वॉर्डात नाडी मोजायला शिकवलेलं आठवत होतं. तिनं डाळ सोडून दिली आणि नाडी धरून ठेवली. आमचं महागडं सॉफ्टवेअर ज्यांनी मनावर घेतलं नाही, ते सगळे वाचले होते.

एक नंबर लागत नव्हता. मुरुडचे सरवदे. रिटायर्ड एसटी ड्रायव्हर. मुलाकडं नांदेडला आले असताना आमच्याकडं दाखवलं होतं, मग गावी गेले. मुलाचा फोन बंद, त्यांचा फोन वाजून वाजून थांबायचा. संध्याकाळपर्यंत मी लावत राहिले.

दुसरा दिवस रविवार होता. मुरुड लातूरपासून जवळ, आणि लातूरला माझं माहेर. मी सकाळच्या एसटीनं लातूर गाठलं, भावाची गाडी घेतली आणि पत्ता विचारत मुरुडला गेले. बाजारपेठेच्या मागं त्यांचं घर. दार सरवदे काकूंनी उघडलं. मी नाव सांगितलं, कांबळे, नांदेडच्या हॉस्पिटलमधून. काकू म्हणाल्या, “जयभीम बाई. या. तुमचाच फोन येतो ना सकाळी?”

“तुमचा फोन काल लागत नव्हता.”

“ह्यांच्या उशाला असतो. कालपासून ह्यांना दम लागलाय, त्यात फोन कोण उचलणार?”

काका पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. पाठीमागं तीन उशा. पाय खाली सोडलेले आणि घोट्यापाशी टम्म सुजलेले. बोलताना मधे थांबून श्वास घेत होते. मला बघून त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

“काका, आडवं पडता येतं का?”

“पडलं की दम कोंडतो. म्हणून बसूनच... झोपतो. गाडीत झोपायची सवय हाय.”

मी हात धरला. नाडी पळत होती. मोजायलाच अवघड. मिनिटाला सव्वाशेच्या पुढं आणि एक ठोका दुसऱ्यासारखा नाही. गंगाबाईंच्या नेमकं उलट. यांच्या अंगात गोळी उरलीच नव्हती.

“गोळी घेताय ना?”

काकांनी बायकोकडं बघितलं. काकू अभिमानानं म्हणाल्या, “नियमानं चाललंय बाई. ह्यांना डाळ चालत नाही, पित्त होतं. लगीन झाल्यापास्नं बघते. मग साठ कुठून भरणार? म्हणून मी गोळी देत नाही. फोनवर सांगतात तसंच.”

त्याच पुढं म्हणाल्या, “एकदा मनात आलं, पिठलं करते, ते बी डाळीचंच हाय. पिठलं धरलं तर गोळी देता येते. पण मग म्हणलं, नको. उगं आपल्या मनानं काय करायचं? फोनवर डाळ म्हणलेत, पिठलं नाही म्हणलेत.”

हे मला आजही जसंच्या तसं आठवतं. दोन घरं, एक भोकरकडचं, एक मुरुडचं. दोघांनीही सूचना शब्दशः पाळली. एकाकडं डाळ खाल्ली जायची म्हणून गोळी जास्त झाली. दुसऱ्याकडं डाळ खाल्ली जात नाही म्हणून गोळीच बंद.

मी काकूंना बाजूला नेलं नाही. काकांसमोरच सांगितलं. फोनवर डाळ म्हटलं ते चुकीचं होतं. ती डाळ नव्हे, नाडी. मनगटाची नाडी साठपेक्षा कमी असेल तरच गोळी थांबवायची. काकांची तर सव्वाशेवर आहे. त्यांना गोळी मिळायला हवी होती. आता लगेच लातूरला न्यावं लागेल.

काकू पलंगाच्या कडेला बसल्या.

“म्हणजे मी दिली नाही म्हणून हे असं झालं?”

“नाही काकू. तुम्हाला सांगितलं तेच तुम्ही केलं.”

“मग डाळ कोणी सांगितली?”

मी म्हणाले, “आमच्या हॉस्पिटलनं. कसं झालं ते शोधते आणि तुम्हाला येऊन सांगते.”

काका मधेच म्हणाले, “अगं, ब्रेक दाबायला सांगितला... तू दाबलास. आता ॲक्सिलेटर दे म्हणतायत. चल.” आणि स्वतःच चपला शोधायला लागले. भावाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसवलं त्यांना. लातूरला पोचेपर्यंत ते भावाला गिअर केव्हा बदलायचा ते सांगत होते. इतकं बोलू नका म्हटलं तर ऐकेनात. तिथल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, पाणी काढायचं इंजेक्शन दिलं, गोळी परत सुरू केली. संध्याकाळी ते दोनच उशांवर टेकले होते. काकू मात्र कोपऱ्यात बसून होत्या. डबा उघडला नव्हता.

सोमवारी मीटिंग झाली. राठोड सर, कुलकर्णी सर, आयसीयूच्या शेख सिस्टर, आमच्या डाएटिशियन मॅडम, मी. आणि स्क्रीनवर सॉफ्टवेअर कंपनीचा निखिल नावाचा मुलगा.

निखिल वाईट नव्हता. तो म्हणाला, “मॅडम, ट्रान्सलेशन टेक्निकली चुकीचं नाहीये. पल्स म्हणजे डाळ हे तुमच्याच टीमनं अप्रूव्ह केलंय.”

हळूहळू उलगडा झाला. सगळ्यात आधी सॉफ्टवेअरमध्ये डाएटिशियन मॅडमचे मेसेज गेले होते. किडनीच्या पेशंटनं डाळी कमी खाव्यात, या अर्थाचे. मशीन पल्सेसला ‘कडधान्ये’ म्हणत होतं. मॅडमनी बरोबरच सांगितलं की आपल्या पेशंटना डाळ म्हटलं की कळेल. कंपनीनं तो शब्द पक्का करून टाकला. यापुढं पल्स आलं की डाळ. नंतर हृदयाच्या पेशंटचे मेसेज गेले. त्यातही पल्स होता. मशीननं आज्ञा पाळली. इंग्रजी डॉक्टरांनी तपासलं, मराठी एकदाही कोणी ऐकलं नाही.

मी मोबाईलवर डिक्शनरी उघडून ठेवली होती. ती मीटिंगमध्ये वाचून दाखवली. पल्स हा एक शब्द नाहीच, दोन आहेत. डिक्शनरीत त्यांना वेगवेगळी जागा आहे, शेजारी बारीक एक आणि दोन आकडा. नाडीचा पल्स ज्या लॅटिन शब्दातून आला त्याचा अर्थ ढकलणं, ठोका मारणं. डाळीचा पल्स आला तो लापशीसारख्या दाट खाद्याच्या शब्दातून. नातं काही नाही. स्पेलिंग सारखं झालं, एवढंच. रामराव नावाची दोन माणसं एका गावात असावीत तसं.

आणि वापरही निराळा. डाळीचा पल्स बहुतेक वेळा अनेकवचनात येतो. पल्सेस खा, पल्सेस कमी करा. नाडीचा एकवचनात. पल्स बघा, पल्स मंद आहे. डाळीचा पल्स खायचा असतो, शिजवायचा असतो. नाडीचा मोजायचा, धरायचा. इंग्रजी येणारा माणूस शेजारच्या क्रियापदावरून क्षणात ओळखतो. कंपनीनं एकवचन आणि अनेकवचन एकाच खणात टाकलं, आणि ओळखायची ती खूण पुसली गेली.

“पण मोजायची डाळ कशी असेल, हे मशीनला कळायला नको का?” कुलकर्णी सर म्हणाले.

निखिल म्हणाला, “सर, डाळ मोजतातच की.”

बालाजीनं खरंच मोजली होती.

मग नवा मराठी मेसेज काय असावा यावर बोलणं आलं. मी म्हणाले, ‘नाडी तपासा’. शेख सिस्टर हसल्या.

“मॅडम, नाडी म्हणलं की अर्ध्या लोकांना परकराची नाडी आठवती. आमच्या घरी नब्ज म्हणतेत. तुमी ते बी म्हणू नका, सगळ्यांना कळणार न्हाई. सरळ मनगटाचे ठोके म्हणा. आन साठ म्हणलं तर एका मिनिटात साठ म्हणा.”

इंग्रजीतला घोळ निस्तरताना आम्ही मराठीत तसाच दुसरा करणार होतो. ‘मनगटाचे ठोके’ ठरलं.

शेवटी राठोड सरांनी विषय काढला. “पेशंटच्या नातेवाइकांना काय सांगायचं?”

“झालं ते,” मी म्हणाले.

“कांबळे मॅडम, जरा व्यवहारानं घ्या. तांत्रिक अडचणीमुळं मेसेजमध्ये बिघाड झाला, एवढं पुरे. डाळ-बिळ सांगत बसलो तर उद्या गावभर होईल. व्हॉट्सअॅपवर जाईल.”

माझी नोकरी वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर आहे आणि त्यावर सही राठोड सर करतात. ते माझ्या डोक्यात होतं, नव्हतं असं नाही. पण कोपऱ्यात बसलेल्या सरवदे काकू डोळ्यासमोरून जात नव्हत्या.

“सर, मुरुडच्या काकूंना वाटतंय की नवऱ्याला त्यांनी मारत आणलं. तांत्रिक अडचण म्हटलं तर त्यांना आयुष्यभर तेच वाटत राहील. मी त्यांना सांगते म्हणून कबूल केलंय. मी सांगणार आहे.”

राठोड सर कुलकर्णी सरांकडं बघायला लागले. कुलकर्णी सर चष्मा पुसत होते. चष्मा डोळ्यावर चढवून म्हणाले, “त्या मेसेजमागं आपल्या हॉस्पिटलचं नाव आहे, राठोड. भोकरच्या मुलाशी मीच बोलतो. मॅडम, तुम्ही लातूरचं बघा. आणि दोन्हीकडचं बिल लावायचं नाही. लातूरचंही आपण बघू.”

राठोड सरांनी मान हलवली. मनापासून नव्हती, पण हलवली.

बालाजीशी सर बोलले तेव्हा मी तिथंच होते. सरांनी स्पष्ट सांगितलं. मेसेज चुकीचा होता, चूक आमची, तुमची काही नाही. मला वाटलं तो भडकेल. भडकला असता तर बरोबरच होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “म्हणजे आमी येडे न्हाई.”

“अजिबात नाही.”

“न्हाई, काय हाय सर, काल गावातला एक जण म्हणला, शिकलेला असून डाळ तोलून गोळी देतोस, डोस्कं फिरलं का? मलाबी वाटत होतं येखादवेळी, हे काहून असं सांगून राहिलेत. पण म्हणलं डॉक्टर लोक हायेत. इचार करूनच सांगितलं आसंल.” आणि मग सरांकडं न बघता, “इचारायला पायजे होतं मी. पण तुमीबी एकदा ऐकायला पायजे होतं.”

सर म्हणाले, “हो.”

गंगाबाई हळूहळू वर आल्या. आकडा पन्नासच्या पुढं गेला, मग साठच्या. पिवळा रंग उतरला. आयसीयूतून वॉर्डात हलवलं त्या दिवशी मीरा डब्यात खिचडी घेऊन आली. बाईंनी झाकण उघडून बघितलं आणि सुनेला म्हणाल्या, “मला जलमात वरण आवडलं न्हाई. तुमी औषध म्हणून खाऊ घालून राहिले म्हणून गिळलं. आता भाकरी आन ठेचा आण.” ठेच्याची परवानगी सरांनी दिली नाही. त्यावरून त्या दिवसभर सरांवर रुसून होत्या.

मुरुडला मी पुढच्या सुट्टीच्या दिवशी गेले. सरवदे काका घरी आले होते, पाय उतरले होते, अंगणात खुर्ची टाकून बसले होते. काकूंना मी सगळं सांगितलं. दोन शब्द, एक स्पेलिंग, कोणी पक्का केला, कोणी ऐकला नाही. त्यांना इंग्रजी येत नाही, पण गोष्ट लगेच कळली. त्यांनी फक्त एवढं विचारलं, “म्हणजे त्यांच्या भाषेत वरणाला आन ह्यांच्या काळजाला एकच शब्द हाय?”

“दोन आहेत काकू. लिहायला एकसारखे.”

“मग त्यांना बी घोटाळा होत असंल की,” असं म्हणून त्या उठल्या आणि चहा ठेवायला गेल्या. जाता जाता काकांचं मनगट धरून उभ्या राहिल्या, ओठ हलवत मोजत. मी सांगायच्या आधीच बोटं बरोबर जागी होती. अंगठा बाजूला.

माझं कॉन्ट्रॅक्ट राठोड सरांनी वाढवलं. वर एक काम वाढवलं. आता प्रत्येक मराठी मेसेज जाण्याआधी मी ऐकायचा. मी तो एकटीनं ऐकत नाही. ओपीडीबाहेर बसलेल्या एखाद्या नातेवाइकाला मोबाईलवर ऐकवते आणि विचारते, हे ऐकून तुम्ही घरी नेमकं काय कराल? तो सांगतो ते आणि डॉक्टरांना हवं ते एकच निघालं तर मेसेज पुढं जातो. नाहीतर परत दुरुस्तीला.

आजवर पहिल्या खेपेला एकही मेसेज पुढं गेलेला नाही.